जंत कुत्रीचे, बोल बाईला

(चाकण परिसरातील वस्तीगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आरोग्याच्या सत्राला यंदा विषय काय घेणार, असं मला फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘कुत्र्यामांजरांपासून माणसाला होणारे जंत.’ पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग हसू ऐकू आलं. ‘अगं, आपल्याकडे पोटगीच्या केसेस आहेत, मारहाण आहे, कंपन्यांतल्या छळाच्या समित्या कागदावरच आहेत. त्यात हे जंत कुठे बसवायचे?’ तीन वर्षांपूर्वी मला कुणी हा विषय दिला असता तर मीही हसलेच असते. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत ‘जंत’ हा शब्द मी वहीत लिहून घेतल्याचं आठवत नाही. अंगणवाडीचा विषय, गोळी दिली की संपला, एवढीच समजूत.

पण माझ्याकडे आलेलं एक प्रकरण जंतांपासून सुरू झालं आणि मारहाणीपर्यंत गेलं. तिथूनच सुरुवात करते. नाव सांगणार नाही, आपण तिला वहिनी म्हणू.

चाकणच्या कारखान्यांना लागून असलेल्या गावांत कशा चाळी उठल्या आहेत हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्याजणी तिथंच राहता. वहिनींच्या चाळीत पत्र्याच्या बावीस खोल्या, चार संडास आणि एक नळकोंडाळं. नवरा कंत्राटी कामगार, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. गाव नांदेडकडचं, इथं आपलं माणूस कुणी नाही. पदरी तीन वर्षांचा मुलगा. आणि राणी. राणी म्हणजे चाळीतली कुत्री. कुणाची नाही आणि सगळ्यांची, पण भाकरी वहिनींच्या हातची खायची. पावसाळ्याच्या तोंडावर ती वहिनींच्या खोलीमागे व्याली. पाच पिल्लं. मुलगा दिवसभर त्यांच्यातच.

पुढे दोन-तीन महिन्यांत मुलगा आजारी पडू लागला. रात्री खोकला, छातीत घरघर, अधूनमधून ताप, पोट नगाऱ्यासारखं, चेहरा पांढरट. माती खायची सवय होतीच. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात बाळदमा म्हणून औषध झालं. मग कुणी तरी जंत म्हणालं. शौचाची तपासणी झाली, एकदा नव्हे दोनदा. रिपोर्ट स्वच्छ. तोवर चाळीतल्या आणखी दोन घरांत पोरांना जंत झाल्याचं निघालं, आणि सगळ्यांची बोटं वहिनींकडे वळली. खोलीमालक म्हणाला, कुत्री हाकला नाहीतर खोली रिकामी करा. सासू गावाहून फोनवर म्हणाली, हिच्या हाताला स्वच्छताच नाही. नवऱ्याने एका रात्री पट्ट्याने मारलं. माझ्या लेकराला तू आजारी पाडलंस, असं म्हणत मारलं.

वहिनी आमच्या केंद्रात आल्या त्या मारहाणीसाठी. आणि मी, शिकली-सवरलेली कार्यकर्ती, त्यांना पहिला सल्ला काय दिला? ‘सध्या वाद नको, कुत्री कुठे तरी सोडून या.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘ताई, यांची रात्रपाळी असते. संडास चाळीच्या टोकाला. दिवा नाही. मागं पोरं दारू पीत बसतात. राणी माझ्यासंगं येती, दाराबाहेर बसती, माझ्यासंगं परत येती. तिला सोडल्यावर कोण येणार? तुम्ही?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या मागणीसाठी आपण मोर्चे काढतो, संडासाला दिवा आणि दाराला कडी, ती या बाईने स्वतःपुरती एका कुत्रीकडून सोडवून घेतली होती. आणि मी तेवढीही काढून घ्यायला निघाले होते. त्या दिवशी मी ठरवलं की हे जंत प्रकरण नीट समजून घ्यायचं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांकडे बसले. जे कळलं ते सांगते.

कुत्र्याच्या आतड्यात एक गोलकृमी असतो, टॉक्सोकारा त्याचं नाव. मांजरात त्याचाच भाऊबंद असतो. थोराड कुत्र्यात हा किडा फारसा दिसत नाही, पण त्याच्या अळ्या कुत्रीच्या मांसात झोपून असतात. कुत्री गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लांत जातात. जन्मल्यावर दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू तीन आठवड्यांचं होतं न होतं तोच त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात. एकेक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. तेव्हा वस्तीत अंड्यांचा सगळ्यात मोठा साठा कुठून येतो? ज्यांना पोरं उचलून मांडीवर घेतात त्या गोजिऱ्या पिल्लांकडून.

आता नीट ऐका, कारण इथंच आपली सगळ्यांची समजूत उलटी आहे. पिल्लाने आज सकाळी केलेली घाण त्या क्षणी टॉक्सोकाराची लागण करत नाही. अंड्यात अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर विष्ठा वाळून, विरून, पावसाने वाहून गेलेली असते. डोळ्यांना काही दिसत नाही. पण अंडी मातीत असतात, महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहूनही जास्त. दिसणारी घाण बघून आपण नाक दाबतो आणि न दिसणाऱ्या मातीत पोरांना खेळायला बसवतो. धोका त्या मातीत आहे. ती हाताला लागते, नखात जाते, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीबरोबर येते, आणि तोंडातून पोटात जाते. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला म्हणून सहसा काही होत नाही.

आणि फिनेल! वहिनींनी त्या महिन्यात फिनेलच्या चार बाटल्या आणल्या होत्या. खोलीमालकाचा हुकूम. वास आला की चाळीला समाधान. पण या अंड्यांचं कवच इतकं चिवट असतं की फिनेल काय, कपडे पांढरे करायचं ब्लीच काय, कशाला दाद देत नाही. उकळतं पाणी आणि कडक ऊन यांनी ती मरतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे विष्ठा त्याच दिवशी उचलून खोल पुरायची. अंड्यात अळी धरायच्या आत ती उचलली गेली की झालं. गरिबाच्या घरातले फिनेलचे पैसे निव्वळ वासावर गेले.

शौचाचा रिपोर्ट दोनदा स्वच्छ का आला तेही तेव्हा समजलं. हा कुत्र्याचा किडा. माणसाच्या आतड्यात तो वाढून मोठा होत नाही. अळी आतड्याची भिंत भेदते आणि वाट चुकल्यासारखी अंगभर हिंडते, यकृतात, फुप्फुसात. अंडी घालतच नाही, मग ती शौचात दिसणार कशी? म्हणून खोकला, म्हणून घरघर, म्हणून सुजलेलं यकृत. क्वचित अळी डोळ्यात जाते आणि एका डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते. बऱ्याच जणांना लागण होऊन काहीच त्रास होत नाही, हेही सांगते, नाहीतर आज घरी जाऊन तुम्ही झोपणार नाही. त्या बालरोगतज्ज्ञांनी मुलाच्या साध्या रक्ततपासणीच्या कागदावर बोट ठेवलं. पांढऱ्या पेशींतला इओसिनोफिल नावाचा आकडा खूप वाढला होता. तो कागद आधीच्या दवाखान्यातलाच होता. त्यांनी विचारलं, ‘घरात पिल्लं आहेत? मूल माती खातं?’ दोन प्रश्न. आधी कुणी विचारले नव्हते. जंतांची एक गोळी याला पुरत नाही, काही दिवसांचा कोर्स लागतो, तो झाला. माती खाणं हे बऱ्याचदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं म्हणून लोहाचं औषधही सुरू झालं.

आणि चाळीतल्या त्या दोन घरांतल्या पोरांचं काय? त्यांना रात्री शी-च्या जागी खाज सुटायची, पांढरे दोऱ्यासारखे किडे दिसायचे. ते सूतकृमी. सूतकृमी कुत्र्याचे नसतातच! ते माणसाकडून माणसाकडे जातात, अंथरुणातून, नखांतून, पोरांपोरांत. राणीचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण चाळीने निकाल देऊन टाकला होता. असल्या वेळी नेमकी माहिती किती कामाला येते पाहा. मी खोलीमालकापुढे उभी राहून सांगू शकले की या दोन घरांचे जंत वेगळे आणि या मुलाचे वेगळे. एरवी मी नुसतं ‘माणुसकी दाखवा’ म्हणत बसले असते.

आता दुसरा किडा, अंकुशकृमी. हा आपल्या घरकामगार आणि बांधकाम मजूर मैत्रिणींचा.

कुत्र्यामांजरांच्या अंकुशकृमीची अंडी विष्ठेतून ओल्या, सावलीतल्या मातीत पडली की एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात अळी माणसाच्या कातडीतून आत शिरण्याइतकी तयार होते. हिला तोंडाची वाट लागत नाही. अनवाणी पाय पुरे. मोशीपासून चाकणपर्यंत, वाकड-ताथवड्याकडे, जिथं तिथं इमारती चालू आहेत. वाळूचा किंवा क्रश सँडचा ढीग असतो, रात्री थंड म्हणून कुत्री त्यावर झोपतात, तिथंच घाण करतात, आणि सकाळी बाया त्यातून घमेली भरतात. त्यांची पोरंही तिथंच बसलेली असतात. पायावर, हातावर, पोरांच्या कुल्ल्यांवर लाल नागमोडी रेघ उठते. भयंकर खाज. आणि रेघ रोज थोडी पुढे सरकते. ज्यांनी पाहिली आहे त्यांना लगेच ओळखू येईल. पाहिली नसेल तर नायटा वाटेल, आणि औषधाच्या दुकानातून नायट्याची ट्यूब येईल. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, आठ दिवस बरं वाटतं. किडा आत तसाच.

आमच्या गटातल्या एका ताईंना हे झालं. त्या एका सोसायटीत तळमजल्याच्या घरी काम करतात. घराला लागून छोटी बाग, कुत्र्याला तिथंच मोकळं सोडतात. घरात चप्पल चालत नाही, म्हणून ताई चप्पल दाराबाहेर काढतात आणि मागच्या दाराने बागेत झाडायला जातात, अनवाणी. तळव्याच्या कडेला रेघ आली. मालकीणबाईंनी पाहिली आणि म्हणाल्या, ‘तुमच्या वस्तीतूनच काही तरी आणलंत. बरं होईपर्यंत येऊ नका, घरात लहान मूल आहे.’ पंधरा दिवसांचा खाडा, पगार कापला. किडा त्यांच्या कुत्र्याचा, त्यांच्या बागेतला, आणि अस्पृश्य ठरली ती काम करणारी बाई. ही रेघ एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती चार-आठ दिवसांत जाते. हे दोन्ही लिहून आणलेलं डॉक्टरांचं पत्र घेऊन आम्ही दोघी गेलो. पगार अर्धा परत मिळाला. अर्धाच.

इथं मला एक जुनी गोष्ट आठवते. १९८० साली पुण्यात घरकामगार बायांनी संप केला, आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. तेव्हापासून कामाचे दर ठरवताना धुणं वेगळं, भांडी वेगळी, केर-फरशी वेगळी असं मांडत आलो. २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. पण कुत्र्याचं काम कुठल्याच यादीत नाही. ते ‘जरा’ असतं. जरा गॅलरी पुसून घ्या, जरा याला खाली फिरवून आणा, जरा बागेतलं उचला. हातमोजे मागितले तर किळस येते का म्हणून विचारतात. तेव्हा आपल्या दरपत्रकात मला हे काम वेगळं हवं आहे, हातमोजे, बागेतली चप्पल आणि साबण यांच्यासकट. मालकांनी आपल्या कुत्र्याला जंतांचं औषध वेळेवर द्यावं ही अटही त्यात घाला. रेबीजची लस सगळ्यांना ठाऊक असते, हे दर तीन महिन्यांचं औषध राहून जातं.

कचरा वेचणाऱ्या मैत्रिणींचंही हेच. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे हाताला कळेल, ही मोहीम पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या बायांनी चालवली होती. कुत्र्याची विष्ठा मात्र अजून सुक्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीतून निनावी येते.

मांजराबद्दल बोलायलाच हवं, कारण त्यापायी सुनांचे फार हाल होतात. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो. बाईला गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर गर्भाला धोका असतो, हे खरं आहे. पण मग घरोघरी काय होतं? गर्भपात झाला की टॉर्च नावाची महागडी तपासणी होते. कागदावर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ येतं, आणि घरचे म्हणतात, हिच्या मांजरानं घात केला. आयजीजी म्हणजे बहुधा पूर्वी कधी तरी होऊन गेलेली लागण. तिच्यापासून शरीराला संरक्षणच मिळालेलं असतं. नुसत्या त्या एका शब्दावरून बाईच्या मागच्या दोन-तीन गर्भपातांचं खापर तिच्यावर किंवा तिच्या मांजरावर फोडता येत नाही. मांजरसुद्धा आयुष्यात बहुधा एकदाच, दोन-तीन आठवडेच हे बाहेर टाकतं, आणि टाकल्यापासून लागण होण्याजोगं व्हायला त्याला किमान एक दिवस जातो. म्हणून घाण रोजच्या रोज काढायची, आणि गरोदर बाईने ती काढायची नाही. घरातल्या पुरुषाने काढायची. (हशा.) हसू नका, डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. खरं तर अर्धवट शिजलेलं मटण आणि मातीसकट आलेली भाजी यांतूनही ही लागण होते, पण मटण आणणाऱ्याला कुणी घराबाहेर काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात. मटणाच्या दुकानामागे कुत्र्यांना कच्चं काळीज, फुप्फुसं टाकतात. मेंढ्यांच्या या भागांत पाण्याच्या गाठी असतील तर त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात तशीच पाण्याची गाठ होते, हायडॅटिड म्हणतात तिला. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, सोनोग्राफीत कळते, कधी मोठं ऑपरेशन लागतं. धनगर वाड्यांवर काम करणाऱ्यांनी आणि जनावरांच्या बाजाराजवळ राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कच्चं काही टाकू नका, उकळून टाका.

आता आपल्या रक्ताकडे येते. अंकुशकृमीच्या एका जातीबद्दल सांगायचं राहिलं. कुत्र्यामांजरांतली ही जात माणसाच्या आतड्यातही पूर्ण वाढते आणि रक्त पिते. माणसाचा स्वतःचा अंकुशकृमी आहेच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. ते सगळं जंतांमुळे असं मी मुळीच म्हणत नाही. पाळी आहे, बाळंतपणं आहेत, शेवटी जेवणं आहे. पण जंत त्यात भर घालतात, आणि त्यावरची गोळी स्वस्त आहे. ती कुणाला मिळते पाहा. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, अंगणवाडी आणि शाळांतून गोळी देतात, वय १ ते १९. चांगलीच गोष्ट. विसाव्या वर्षी काय होतं? बाईला दिवस गेले तर, पहिले तीन महिने उलटल्यावर, आरोग्य केंद्रात एक गोळी देण्याची सूचना आहे. एरवी आमच्या वस्त्यांत बाईला शोधत कुणी गोळी घेऊन आल्याचं मी पाहिलेलं नाही. पोटात बाळ असेल तेव्हाच बाईच्या पोटाची आठवण होते. पहिल्या तिमाहीत ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नसते, हे मात्र वस्तीत सांगायला विसरू नका.

कुणी म्हणेल, हे किडे काय संपणार आहेत? इथं बसलेल्या म्हाताऱ्या बायांना नारू आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा, काडीवर गुंडाळून ओढायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लस नव्हती, औषध नव्हतं. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, आणि घराघरांत बायांनी पाणी फडक्याने गाळलं. कार्यकर्ते गावोगाव फिरले, पैसा आला, नोंदी ठेवल्या गेल्या. आफ्रिकेत चाड देशात हाच नारू पुढे कुत्र्यांमध्ये सापडू लागला, तेव्हा तिथं कुत्री बांधून ठेवायला आणि माशांची आतडी पुरायला सांगितलं. मनात आलं की सरकारांना कुत्र्यापर्यंतही पोचता येतं.

इथं कुत्र्यांपर्यंत कोण पोचतं? पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत निदान विचारायला पशुवैद्यकीय विभाग आहे. हद्दीबाहेर आलात की एकीकडे चाकण नगरपरिषद, दुसरीकडे ग्रामपंचायती, मध्ये एमआयडीसी, आणि कुत्री कुणाचीच नाहीत. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे केंद्राचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नवे झाले, जबाबदारी स्थानिक संस्थेची. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलं की पकडलेली कुत्री नसबंदी, लस आणि जंतांचं औषध देऊन त्याच भागात परत सोडावीत, रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून. जंतांचं औषध हा शब्द त्यात आहे, अर्ज करताना तो वापरा. पण एकदा दिलेलं औषध आयुष्यभर पुरत नाही हेही जाणून असा. मातीत अंडी असतील तर काही आठवड्यांत किडा परत येतो. ज्या बाया कुत्र्यांना भाकरी घालतात त्याच ते औषध वेळेवर देऊ शकतात. सोसायट्यांत अशा बायांना शिव्या खाव्या लागतात, अंगावर धावून जातात. त्या आपल्या कामाच्या आहेत, त्यांना गटात घ्या.

आम्ही महाळुंग्याकडच्या त्या चाळीत काय केलं ते सांगून थांबते. फार मोठं काही नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून राणीला आणि पिल्लांना औषध आणलं. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, आईलाही त्यांच्याबरोबर. विष्ठा उचलायला एक जुनी खुरपी आणि खड्डा, पाळी खोलीवार. पुरुषांचीही पाळी लावायची यावर दोन बैठका गेल्या. सहा खोल्यांतले पुरुष अजून करत नाहीत, त्यांच्या बायकाच करतात. नळकोंडाळ्याजवळची ओल काढायला खडी टाकली, तिचा खर्च खोलीमालकाने दिला, कारण तोवर त्याच्या स्वतःच्या नातवाच्या पायावर रेघ उठली होती. मुलाचा खोकला थांबला. नवऱ्याने हात उचलायचा नाही असं केंद्रात लिहून दिलं आहे. त्या कागदावर माझा किती विश्वास आहे हे तुम्हाला सांगायला नको, महिन्यातून एकदा आम्ही जातो.

संडासाला दिवा अजून लागलेला नाही. ग्रामपंचायत म्हणते खाजगी जागा, मालक म्हणतो वीजबिल कोण भरणार. तिसरा अर्ज दिला आहे, त्याची प्रत आज आणली आहे, ज्यांना नमुना हवा त्यांनी घ्यावी.

राणी आहे. नसबंदीसाठी नाव देऊन सात महिने झाले, पाळी आली नाही, आणि मागच्या महिन्यात तिला पुन्हा चार पिल्लं झाली. वहिनींच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. गॅस कधी लावला, दूध किती आलं, त्याच चौकोनांत आता पिल्लांच्या औषधाच्या तारखा असतात. पुढची येत्या गुरुवारी आहे.